खात्रीकाकांचे जंतू

मागच्या अंगणातलं तळं बुजवायचं, हे सोसायटीच्या सभेत ठरल्यातच जमा होतं. लोक खुर्च्या मागे सारून उठायच्या बेतात होते, कोणी चपला शोधत होतं, आणि तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकांनी बसल्या जागेवरून विचारलं, "पण बुजवल्यावर वास जाईलच याची खात्री काय?"

सगळे पुन्हा खाली बसले. काही जणांनी कपाळाला हात लावला. काकांना सगळी इमारत खात्रीकाका म्हणायची, ते उगाच नाही. त्यांची उभी नोकरी बँकेत सह्या पडताळण्यात गेली होती. समोर आलेली सही खोटी आहे असं धरून चालायचं, आणि ती खरी निघाली तर किंचित हिरमुसायचं, असा त्यांचा शिरस्ता. निवृत्तीनंतर सह्या यायच्या थांबल्या, संशय थांबला नाही. दूध घट्ट आलं तर ते विचारत, आजच घट्ट का? डॉक्टरने औषध न देता परत पाठवलं तर विचारत, का नाही दिलं, काय लपवतोय? काकूंनी त्यांच्या आवडीची भाजी केली की पहिल्या घासालाच ते मान वर करत. "आज काय विशेष? काही फुटलंय का?" आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा काहीतरी फुटलेलं असे.

आता तळ्याबद्दल. ते गोल होतं, दगडी कठड्याचं, आणि मोठं म्हणण्याइतकं मोठं नव्हतं. एके काळी त्यात तळ दिसायचा म्हणे. आता पाणी शाळेच्या फळ्यासारखं हिरवं झालं होतं आणि उन्हं चढली की त्याचा वास जिन्याने वर जाऊन एकेका मजल्यावर थांबत थांबत गच्चीपर्यंत पोचायचा. पाण्यात थोडे केशरी मासे होते. ते बिचारे तोंड वर काढून हवा खायला यायचे. काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी तळ्यावर उघडत असे आणि काकू भांडी विसळता विसळता माशांशी बोलायच्या. खात्रीकाकांबरोबर इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला उलटतपासणी न घेणारं कोणीतरी लागतंच.

सेक्रेटरींना मात्र तळ्याच्या जागी गाड्या लावायला फरशी हवी होती. त्यांनी नवी गाडी घेतली होती, इतकी लांबलचक, की तिची शेपटी रोज फाटकाबाहेर राहायची आणि येणारा-जाणारा तिच्याकडे वाकड्या नजरेने बघायचा.

"ठीक आहे काका," सेक्रेटरी हसून म्हणाले. त्यांचं हसणं काकांना कधीच आवडलं नव्हतं. "मग तुम्हीच घालवा वास. कोणीतरी तक्रार केलीय, नगरपालिकेचा माणूस पाहणीला येणार आहे. तोवर पाणी सुधारलं तर तळं राहील. नाही सुधारलं तर बुजवायचं. मंजूर?"

'कोणीतरी' हा शब्द सेक्रेटरींनी ज्या सहजतेने उच्चारला, तितक्या सहजतेने केलेली सही काकांनी नोकरीत कधी पास केली नसती. पण सभेत सगळ्यांचे हात वर गेले होते, आणि त्यात काकूंचा हात सगळ्यात उंच होता.

घरी आल्या आल्या काकूंनी धाकट्या भावाला फोन लावला.

या मेहुण्याबद्दल काकांचं मत राखीव होतं. त्याने आधी अळिंबीचा धंदा केला, मग गांडुळांचा, मग शांत झोप आणणाऱ्या उशांचा. त्यातली एक उशी काकांकडे होती आणि तिच्यावर डोकं ठेवल्यापासून त्यांची झोप उडाली होती. सध्या तो जिवाणू विकत होता.

तो आला तो हसत, काखेत एक तपकिरी पाण्याची बाटली घेऊन. "भावोजी, काळजीच सोडा. हे चांगले जिवाणू. तळ्यातली घाण हेच खाऊन टाकतात. बागेत घातले तर माती भुसभुशीत होते. आधी काकवी आणि पाणी घालून एका डब्यात वाढवायचे, मग सोडायचे. बस्स."

काकांनी बाटली उजेडासमोर धरली, हलवली, पुन्हा धरली. "कुठे आहेत?"

"काय?"

"जिवाणू."

"अहो, ते दिसत नसतात."

"म्हणजे दिसत नाहीत अशा वस्तू तू बाटलीत भरून विकतोस."

"वास घेऊन बघा ना. आंबट येतो की नाही? तेच लक्षण."

"आंबट वास म्हणजे पुरावा असेल तर माझ्या बुटांतही तुझा माल असणार," काका म्हणाले. "आणि चांगले कोण, वाईट कोण, हे कसं ओळखायचं?"

मेहुण्याने जरा विचार केला. "स्वभावावरून," तो म्हणाला.

काकूंनी घाईघाईने मध्ये पाणी आणून ठेवलं.

काकांनी काम हाती घेतलं ते मात्र नेटाने. त्यांनी झाकणाचा मोठा डबा आणला. डबा दुकानात पडून होता, म्हणजे त्यात कोणाचे हात गेले असतील काय सांगावं, म्हणून त्यांनी तो जंतुनाशकाने खळखळून धुतला. मग पुन्हा एकदा धुतला. मग काकवी, पाणी आणि मेहुण्याची निम्मी बाटली त्यात ओतून ते वाट पाहत बसले. डब्यात काहीही झालं नाही. बुडबुडा नाही, फेस नाही, वासही नाही. काकांना मनातून बरं वाटलं, कारण त्यांना हेच अपेक्षित होतं. त्यांनी फोन उचलला.

"तुझी माणसं कामावर आलेली नाहीत," ते म्हणाले.

"असं कसं होईल? डबा कशाने धुतलात?"

"जंतुनाशकाने."

मग मेहुण्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "भावोजी, जंतुनाशक या शब्दाची फोड करा बरं."

काकांनी मनातल्या मनात फोड केली आणि फोन ठेवून दिला. चुकीचं काही झालं असं त्यांना मुळीच वाटलं नाही. स्वच्छता हा गुन्हा ठरतो तो धंदाच संशयास्पद, एवढंच त्यांनी काकूंना ऐकवलं.

दुसऱ्या खेपेला डबा साध्या पाण्याने धुतला. "रोज झाकण सैल करून हवा सोडायची हं," मेहुण्याने बजावलं होतं. पण काकांचा डोळा होता सेक्रेटरींवर. हा डबा मागच्या ओट्यावर ठेवायचा, तिथून सेक्रेटरी सकाळ-संध्याकाळ जाणार, आणि त्यांनी त्यात काही कालवलं तर? काकांनी झाकण गच्च आवळलं, त्यावर सगळीकडून चिकटपट्टी लावली आणि पट्टीवर चारी बाजूंनी स्वतःची सही केली. सही तुटली की चोर सापडला.

आता जिवाणू कामाला लागले, आणि काका रोज सह्या तपासू लागले. सह्या शाबूत होत्या. तरी एका सकाळी ते गंभीर चेहऱ्याने आत आले. "कोणीतरी डबा बदललाय."

"कशावरून?" काकूंनी विचारलं.

"आपला डबा इतका जाड नव्हता."

काकूंनी खिडकीतून डोकावून पाहिलं. डब्याला चांगलं पोट सुटलं होतं. "अहो, तो फुगलाय! झाकण उघडा आधी!"

"सही मोडून? मग पुरावा काय राहील?"

त्या दुपारी पहिल्या मजल्यावर गाण्याच्या बाईंची शिकवणी चालू होती. बाईंनी 'सा' लावला, मुलींनी 'सा' लावला, आणि बाई 'रे'कडे वळणार तोच खाली तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. 'रे' कोणीच म्हटला नाही. डब्याचं झाकण आंब्याच्या फांदीत जाऊन अडकलं, आणि आतला सगळा ऐवज उंच उडून बाईंच्या गॅलरीत वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर पसरला. तपकिरी ठिपके असे काही पडले होते, की ते छापाचे म्हणून खपले असते. पण बाईंचा स्वभाव तसा नव्हता.

अंगणात गर्दी जमली. आंबूस-गोड वास सगळीकडे पसरला होता. सेक्रेटरींनी नाक वर करून दोनदा हुंगलं आणि अत्यंत सहानुभूतीने विचारलं, "काका, काय गाळताय?"

काकांनी आयुष्यात सोड्याच्या बाटलीकडेही कधी सरळ नजरेने पाहिलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. "हे जिवाणू आहेत!" ते ओरडले. "तळ्यासाठी!"

गर्दी एक पाऊल मागे सरकली. दारू असती तर बरं, असं बऱ्याच चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होतं.

"जिवाणू म्हणजे जंतूच ना?" गाण्याच्या बाईंनी चादर चिमटीत धरून विचारलं.

"चांगले जंतू," काका म्हणाले. आणि त्यांच्या लक्षात आलं, की हे वाक्य आपण स्वतः ऐकलं असतं तर आपणही पोलिसांना बोलावलं असतं.

दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर तर हादरलेच होते. "काका, मी उभा जन्म जंतू मारण्यात घालवला," ते म्हणाले. "लोकांच्या तोंडात वाकून वाकून माझी पाठ गेली. आणि तुम्ही खाली बसून ते पाळताय?"

काका सरळ आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. अपमान काही साधा नव्हता. बँकेचा साहेबसुद्धा ज्यांच्यापुढे सही करताना दोनदा विचार करायचा, त्यांना सगळ्यांसमोर 'काय गाळताय' म्हणून विचारण्यात आलं होतं.

पाहणीला थोडी मुदतवाढ मिळाली तर बरं, म्हणून ते नगरपालिकेतही जाऊन आले. तिथे उद्यान विभागाने सांगितलं, तळं आमचं, पण त्यातले डास आमचे नाहीत. डास विभागाने सांगितलं, डास आमचे, पण ते जिथे बसतात ते पाणी आमचं नाही. मग पाहणीला येणार कोण, असं विचारल्यावर दोन्ही खिडक्यांवरचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. काका तेवढ्यावर परत आले. जिथे कोणाला आपलं काय हेच ठाऊक नाही तिथे मुदत कोण देणार? आणि दिली तरी तिच्यावर सही कोणाची?

तिसऱ्या खेपेला काकूंनी डबा स्वतःच्या ताब्यात घेतला. रोज सकाळी त्या झाकण सैल करायच्या, डबा हलकासा उसासा टाकायचा, त्या झाकण पुन्हा लावायच्या. माल तयार झाला. काकांनी थोडा घराजवळच्या वाफ्यात घातला, बाकीचा तळ्यात सोडला, आणि मग रोज थोडा थोडा सोडत राहिले.

वाफ्यात फरक पडला. सुकलेला गुलाब तरारला, माती हाताने उकरता येऊ लागली, टोमॅटोंनी काठ्या वाकवल्या. "बघा," काकू म्हणाल्या.

"हवा बदललीय," काका म्हणाले. "ते तसंही झालंच असतं."

तळं मात्र हटून बसलं होतं. उलट पाणी दुधट हिरवं दिसायला लागलं आणि वासात काहीतरी नवीन मिसळलं. काकांनी कठड्यावर ओणवं होऊन वास घेतला. कधी दवाखान्यासारखा, कधी पुदिन्यासारखा. बाटलीत पुदिना कुठून आला? म्हणजे हा माणूस पाण्यात रंग आणि सुगंध कालवतो आणि जिवाणू म्हणून आपल्या गळ्यात मारतो! सगळं कसं लख्ख जुळलं. काकांनी फोन लावला आणि मेहुण्याला काय काय ऐकवलं ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. रंगीत पाणी विकतोस, स्वतःच्या बहिणीला फसवतोस, उशीच्या वेळीच मी ओळखलं होतं तुला, असा एकंदर सूर होता. मेहुणा एकदाही उलटून बोलला नाही. "बरं भावोजी," एवढंच म्हणाला.

काका वळले तर दारात काकू उभ्या होत्या.

त्या दिवसापासून काकूंनी काकांशी बोलणं बंद केलं. भांडण नाही, आदळआपट नाही. जेवण वेळेवर, कपडे घडी करून, चष्मा जागेवर. फक्त शब्द नाही. सांगायचं असेल ते त्या खिडकीतून माशांना सांगायच्या. "पानं वाढलीत रे बाळांनो," त्या तळ्याकडे बघून म्हणायच्या, आणि काका मुकाट्याने पाटावर येऊन बसायचे. एकदा काकांनी विचारलं, "माझा मोजा कुठाय?" तर काकू माशांना म्हणाल्या, "दोरीवर शोधावं म्हणजे सापडेल." मासे तोंड उघडून ऐकत राहिले.

काका एकटे पडले. आपलं बरोबर आहे हे सिद्ध केल्याशिवाय आता सुटका नव्हती. बाटलीत काही नाही, असं एखाद्या जाणकाराने लिहून दिलं की काकूंसमोर ठेवायचं, मग बघू. ते बाजारातल्या रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेले. नमुना कशात न्यायचा हे माहीत नव्हतं, म्हणून औषधाच्या दुकानातून मिळाली ती लघवी तपासायची प्लास्टिकची बाटली मेहुण्याच्या मालाने भरून नेली.

काउंटरवरच्या मुलीने बाटली हातात घेतली. आतलं दाट तपकिरी पाणी पाहिलं. मग काकांकडे पाहिलं. तिचा आवाजच बदलला. "काका, तुम्ही आधी बसा बरं. सोबत कोणी आलंय का?"

"मी ठीक आहे. हे माझं नाही. तळ्यासाठीचं आहे."

"हो हो. वय किती?"

"तळ्याचं? असेल इमारतीएवढं."

"तुमचं, काका."

"माझा इथे काय संबंध? यात जंतू आहेत की नाहीत एवढंच मला पाहिजे."

"ते कळेलच. पण पेशंटचं नाव घातल्याशिवाय मशीन पुढे जात नाही." ती समजुतीने म्हणाली, "घाबरू नका. हल्ली सगळ्यावर औषधं आहेत."

काकांनी वाद घालून पाहिला. मागे रांग खोळंबली, कोणीतरी "म्हातारपणी असंच होतं" असं कुजबुजलं, आणि शेवटी काकांनी चिडून स्वतःचं नाव, वय, पत्ता सांगून टाकला.

अहवाल तयार झाला तेव्हा प्रयोगशाळेतले डॉक्टर खुर्चीतून उठले म्हणतात. एका माणसाच्या अंगात इतके जंतू असून तो चालत आला होता, ही गोष्ट त्यांना नवीन होती. उशीर व्हायला नको म्हणून त्यांनी आपला माणूस काकांच्या घरी पाठवला. त्याने फाटकात येऊन मोठ्याने विचारलं, "इथे एक काका राहतात ना? आहेत ना अजून?"

"आहेत म्हणजे?" गाण्याच्या बाई वरून म्हणाल्या.

"फार गंभीर संसर्ग आहे हो. ताबडतोब दाखल करायला सांगितलंय. इतके जंतू आमच्या साहेबांनी जन्मात पाहिले नव्हते."

माणूस काकांच्या दारापर्यंत पोचायच्या आत बातमी गच्चीवर पोचली होती.

काकांनी अहवाल वाचला आणि ते मटकन खाली बसले. आजाराच्या भीतीने नव्हे. जंतू होते! अगणित होते, धडधाकट होते, मेहुण्याने सांगितले होते तसे होते. म्हणजे मेहुणा खरा होता. आयुष्यात पहिल्यांदाच आपण एका खऱ्या सहीवर खोटी असा शिक्का मारला, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांना जेवण गेलं नाही.

त्यांना जेवण गेलं नाही, ही बातमीही बाहेर गेली.

शेजारी लांबून चौकशी करू लागले. काकूंनी काकांना बाटली भरताना पाहिलं होतं, त्यामुळे त्यांना सगळं कळलं होतं. पण काका घरात ऐकत होते आणि त्यांच्याबद्दलही शब्द काढायचा नाही, असं काकूंचं मौन चालू होतं. कोणी दारातून विचारलं, "कसे आहेत काका?" तर काकू नुसतं आत बघत आणि एक सुस्कारा टाकून खिडकीशी जात. एवढी बोलकी बाई गप्प झाली, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं, असा सगळ्यांनी अर्थ काढला. लिफ्टपाशी काका दिसले की बाकीचे जिन्याने जात. सेक्रेटरींनी तोंडाला रुमाल लावून खाणाखुणांनी तब्येतीची विचारपूस केली.

शेवटी काका वैतागून अंगणात उभे राहिले आणि सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "मला काहीही झालेलं नाही! ते जंतू माझ्यात नाहीत! ते सगळेच्या सगळे त्या तळ्यात आहेत!"

खिडक्या धडाधड बंद झाल्या. त्या दिवसापासून तळ्याकडे एक माणूस फिरकला नाही. पलीकडच्या वाटेने फाटकाकडे जायची सवय लागली. शिळी पोळी, उरलेला पाव, जे जे म्हणून लोक माशांच्या नावाने पाण्यात भिरकवायचे, ते आता कचऱ्याच्या डब्यात जाऊ लागलं. काका मात्र रोज जाऊन डब्यातलं थोडं थोडं सोडत राहिले. का, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. निदान मेहुण्याची माणसं तरी आपल्याशी प्रामाणिक वागली, असं काहीसं त्यांना वाटत असावं.

आणि पाणी फिरलं. आधी दुधट झाक गेली. मग पुदिन्याचा वास गेला, मग दवाखान्याचा, आणि शेवटी मूळचा वासही वर चढायचा बंद झाला. एका सकाळी काका कठड्यावर ओणवले, तर त्यांना हिरव्या पाण्याखाली काहीतरी फिकट दिसलं. निरखून पाहिलं. तळातली फरशी होती ती. मासे वर येऊन धापा टाकत नव्हते, खाली मजेत फिरत होते. काकांनी डोळे चोळले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग संशय आला, की रातोरात कोणीतरी पाणी बदललं. म्हणून त्यांनी पाण्याच्या मीटरजवळ जाऊन पाहिलं. मीटर निर्दोष होतं.

पाहणीचा माणूस आला तो अखेर डास विभागाचा निघाला. त्याच्याजवळ लांब दांड्याचं ओगराळं होतं. त्याने ते पाण्यात बुडवलं, वर काढलं, अळ्या शोधल्या, वास घेतला. सगळी सोसायटी सुरक्षित अंतरावर उभी होती.

"तक्रार याच तळ्याची होती?" त्याने विचारलं. "यात तर काही नाही. पाणी उत्तम आहे. काय केलंत तरी काय?"

श्रेय वाटलं जातंय म्हटल्यावर अंतर भराभर कमी झालं. सेक्रेटरी सगळ्यांत पुढे आले. "मी रोज गच्चीची टाकी धुवायची पावडर टाकत होतो थोडी थोडी. काका जंतू सोडत होते ना, म्हटलं आपण काळजी घ्यावी."

"मी गुळण्यांचं औषध ओतत होतो," दातांचे डॉक्टर म्हणाले. "पुदिन्याचं. एकदम खात्रीचं."

"आणि मी फिनेल," गाण्याच्या बाई म्हणाल्या. "चादरींचं जे झालं ते झालं, पण माझ्या मुली येतात शिकायला."

काकांचा आ वासला. इतके दिवस ते ज्या वासांसाठी एका गरीब माणसाला चोर ठरवत होते, ते सगळे वास ओळीने उभे राहून आपापली ओळख करून देत होते.

निरीक्षकाने ओगराळं झटकलं. "हे सगळं अजून टाकता?"

"छे हो!" तिघंही एकदम म्हणाले. "काकांचा रिपोर्ट आल्यापासून कोण जातंय त्या तळ्याजवळ!"

"मग त्यामुळेच सुधारलंय," निरीक्षक म्हणाला. "असलं काही पुन्हा टाकू नका." आणि तो निघून गेला. सेक्रेटरी आपल्या गाडीच्या शेपटीकडे बघत बराच वेळ उभे राहिले.

आता हसायची पाळी काकांची होती. त्यांना आयते तीन गुन्हेगार मिळाले होते, तेही कबुलीजबाबासकट. एरवी त्यांनी एकेकाला उभं करून सोललं असतं. पण ते त्यांना तिथेच सोडून घरात आले आणि फोनसमोर जाऊन बसले. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज होता. तो थांबला.

मेहुण्याने फोन उचलला. काकांनी खाकरून घसा साफ केला. पुन्हा केला.

"मी बोलतोय."

"बोला भावोजी."

"तळं... तळं स्वच्छ झालं. तळ्याचा तळ दिसतो म्हणजे. पाहणीवाला पास करून गेला."

"वा! छान."

"तुझी माणसं... म्हणजे ते जिवाणू... फार कष्टाळू निघाले. इथे लोक त्यांच्यावर फिनेल ओतत होते, कोणी काय, कोणी काय. तरी त्यांनी नाव राखलं." काका थांबले. पुढचं वाक्य डब्यातल्या हवेसारखं आत कोंडलं होतं. "आणि मीही ओतलं. तुझ्यावर. ते मी ओतायला नको होतं."

मग मेहुणा म्हणाला, "भावोजी, उशी परत घेऊ का?"

"नको," काका म्हणाले. "म्हणजे हो, घे. ती खरंच भिकार आहे. पण तू ये. जेवायलाच ये."

फोन ठेवून ते मागच्या दाराने अंगणात गेले आणि तळ्याच्या कठड्यावर जाऊन बसले. उन्हं उतरली होती. पाण्यात पहिल्या मजल्याची गॅलरी उलटी दिसत होती, त्यात बाईंच्या ठिपकेदार चादरीसुद्धा. एक केशरी मासा वर आला, काकांकडे एकदा पाहून खाली गेला. तो खरोखर आपल्याकडे पाहत होता का, हे पडताळायला काका पुढे वाकले.

मागे पावलं वाजली. काकू हात पुसत येत होत्या. त्या जवळ आल्या, पाण्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि माशांना काहीही न सांगता सरळ त्यांनाच म्हणाल्या,

"सरका थोडं."